सागरकांचेचे अलंकार

कांच क्षुद्र आणि रत्न थोर, असा निवाडा संस्कृत सुभाषितकारांनीं फार पूर्वींच देऊन ठेविला आहे. एखाद्या दागिन्यास नांवें ठेवावयाचीं झालीं, तर ‘ती नुसती कांच’ एवढें म्हटलें म्हणजे पुरतें. तथापि मराठी घरांतील व्यवहार या निवाड्याला सर्वस्वीं मान देतो, असें मात्र नाहीं. लग्नाच्या हिरव्या चुड्यांतील बांगड्या कांचेच्या असतात. मंगळसूत्रांत सोन्याच्या वाट्या दोन, आणि त्यांना गळ्यांत धरून ठेवणारे काळे मणी बहुधा कांचेचेच. अडचणीच्या वेळीं सोनें सराफाच्या तिजोरींत जातें. काळी पोत गळ्यांतच राहते. तेव्हां कांचेला मोल कशानें येतें, तिच्यांतील द्रव्यानें कीं तिच्यावर झालेल्या संस्कारानें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका लहानशा गांवीं या प्रश्नाचें एक उत्तर वाळूंत पडलेलें सांपडतें.

त्या गांवाचें नांव सीहॅम. डरहॅम परगण्यांत, उत्तर समुद्राच्या कांठीं, संडरलंड शहराच्या दक्षिणेस थोड्याच मैलांवर तें वसलेलें आहे. इंग्रजी काव्याच्या वाचकांना तें ठाऊक असेल तर एवढ्यासाठींच, कीं कवि बायरन याचा विवाह २ जानेवारी १८१५ रोजीं तेथील सीहॅम हॉल या वाड्यांत झाला. तो संसार जेमतेम वर्षभर टिकला. गांवाचें भाग्यहि कवितेवर उभें राहिलें नाहीं. तें उभें राहिलें कोळशावर. भोंवतालच्या खाणींतील कोळसा जहाजांवर चढविण्यासाठीं १८२८ सालीं लंडनडेरीच्या मार्क्विसानें तेथें बंदर बांधावयास घेतलें. कोळसा हाताशीं आणि बंदर दाराशीं अशी सोय झाल्यावर कांचेच्या भट्ट्या पेटण्यास फारसा विलंब लागला नाहीं. १८५३ सालीं जॉन कँडलिश नांवाच्या उद्योगी गृहस्थानें तेथें बाटल्यांचा कारखाना काढला. हाच गृहस्थ पुढें संडरलंडचा प्रतिनिधि म्हणून पार्लमेंटांत बसला. लंडनडेरी बॉटल वर्क्स या नांवानें ओळखला जाणारा हा कारखाना भरभराटीच्या काळांत दिवसाला वीस हजारांपर्यंत बाटल्या काढीत असे. आणि त्या यंत्रानें नव्हे, तर माणसांच्या छातींतील वाऱ्यानें फुगविलेल्या असत.

फुंकनळीच्या टोंकाला रसरशीत कांचेचा गोळा घ्यावयाचा, फुंकून तो पोकळ करावयाचा, त्याला आकार द्यावयाचा, गळा वळवावयाचा आणि नळी झटकून मोकळी करावयाची, असें तें काम. त्यांत नळीला चिकटून राहिलेला रस, वेडावांकडा निवलेला गोळा, मुशीच्या तळाशीं उरलेला गाळ, तडकलेली बाटली, असें पुष्कळ वायां जाई. तो सारा टाकाऊ माल समुद्रांत लोटून देत. त्या काळीं समुद्र हा फुकटचा उकिरडा होता, याविषयीं कोणाला शंका नव्हती.

शेजारच्या संडरलंडचें कांचकाम तर याहून कितीतरी पुरातन. ६७४ सालीं स्थापन झालेल्या मंकवेअरमथच्या मठासाठीं बेनेडिक्ट बिस्कप यानें गॉल देशांतून कांचेचे कारागीर आणविले, असें बीड या जुन्या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. पुढें त्या भागांत रंगीत कांचेचेहि कारखाने झाले. सीहॅमच्या वाळूंत कधीं कधीं निळ्यावर पांढरा, हिरव्यावर पिवळा अशा थरांचा तुकडा सांपडतो. दिवसाचें काम संपतांना मुशींत उरलेले रंग एकमेकांत मिसळून टाकून दिले, त्यांचेच हे अवशेष, असें संग्राहक मानतात आणि अशा तुकड्यास ‘मल्टी’ म्हणतात. एकेकाळीं ज्याला कोणी हात लावला नसता, त्या या तुकड्यास आज तेथें सर्वांत अधिक मान आहे.

१९२१ सालीं कारखाना बंद पडला. भट्ट्या विझल्या, कामगार पांगले. समुद्राचें काम मात्र तेव्हां अर्धेंहि झालें नव्हतें.

कांच ही मूळची वाळू. वाळूंत सोडा आणि चुनखडी मिसळून प्रखर आंचेवर वितळविली, कीं कांच होते. समुद्र तिला पुन्हां वाळूकडे नेऊं पाहतो आणि त्यासाठीं दोन उपाय योजतो. पहिला उपाय घर्षणाचा. लाटेच्या प्रत्येक येण्याजाण्याबरोबर तुकडा गोट्यांवर आपटतो आणि वाळूवर घासला जातो. धारा बोथट होतात, कोंपरे गोल होतात, अंगावर चंद्रकोरीसारखे बारीक ओरखडे उमटतात. दुसरा उपाय अधिक सावकाश चालतो. पाणी कांचेच्या पृष्ठभागांतील सोड्याचा अंश हळूहळू ओढून घेतें आणि तेथें डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य खांचा पडतात. या दोन्ही क्रियांनीं मिळून तुकड्यावर धुक्यासारखी मंद, मृदु कातडी चढते. ती पुरी चढावयास कांहीं दशकें लोटावीं लागतात. सीहॅमच्या पुष्कळशा तुकड्यांनीं शतकाहून अधिक काळ हा संस्कार सोसला आहे. म्हणून जाणते लोक धार शिल्लक असलेला तुकडा हातीं आला, तर तो पुन्हां समुद्रांत टाकून देतात. तो अजून कच्चा आहे, पिकावयास ठेविला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें.

कांच वेंचण्याची वेळहि ठरलेली असते. वादळानें किनारा ढवळून निघाल्यावर जी मोठी ओहोटी येते, ती सर्वांत चांगली. हिंवाळ्यांतील बोचऱ्या वाऱ्यांत माणसें खालीं मान घालून गोट्यांच्या पट्ट्यांतून पावलापावलानें चालत असतात. पांढरे, तपकिरी आणि साधे हिरवे तुकडे विपुल. कारण बाटल्याच त्या रंगांच्या अधिक होत्या. गर्द निळा क्वचित् मिळतो. तो रंग कोबाल्टचा, आणि तशी कांच औषधांच्या व विषांच्या बाटल्यांसाठीं वापरीत. विषाच्या बाटलीला निळा किंवा हिरवा रंग देऊन वर उंचवट्यांच्या रेघाहि काढीत, हेतु हा, कीं रात्रीं अंधारांत चांचपडणाऱ्या हाताला ती स्पर्शानें ओळखूं यावी. कांहीं तुकडे कोळशासारखे काळे दिसतात, परंतु उजेडासमोर धरतांच त्यांच्या पोटांतून गडद हिरवी झांक फुटते. फिकट जांभळ्या तुकड्याची कथा निराळीच आहे. कांचेचा हिरवटपणा घालवून ती पाण्यासारखी स्वच्छ व्हावी, म्हणून तींत मँगेनीज घालीत; पुढें वर्षानुवर्षें उन्हांत पडल्यावर तेंच मँगेनीज तिला जांभळा रंग देतें. लाल तुकडा फारच दुर्मिळ, आणि नारिंगी त्याहूनहि.

केव्हां केव्हां वाळूंतून एक गोल गोटी वर येते. ती पाहून महाराष्ट्रांतील माणसास ओळख पटावी. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थानें १८७२ सालीं ज्या सोड्याच्या बाटलीचा हक्क नोंदविला, तिच्या गळ्यांत बूच म्हणून कांचेची गोटी बसविलेली असे. हीच बाटली पुढें हिंदुस्थानांत गोटी सोड्याची बाटली म्हणून घरोघरीं ठाऊक झाली. गोटीच्या लोभानें बाटल्या फोडण्याचा बालोद्योग दोन्ही देशांतील मुलांनीं सारख्याच उत्साहानें केला.

वेंचून आणलेल्या कांचेचा पहिला अनुभव मात्र बहुधा निराशेचा असतो. पाण्याच्या कडेला जो तुकडा पाचूसारखा लखलखत होता, तोच घरीं येऊन खिशांतून बाहेर काढावा, तर निस्तेज आणि भुरकट. याचें कारण त्या सूक्ष्म खांचांत आहे. ओलेपणीं खांचांतून पाणी भरून पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश सरळ आरपार जातो. पाणी सुकलें, कीं प्रत्येक खांच प्रकाशाला निराळ्या दिशेस उधळते. नवशिक्या कारागिराच्या मनांत येथेंच पहिला मोह उत्पन्न होतो. तुकड्याला यंत्रांत घालून झिलई द्यावी, म्हणजे ती लकाकी कायमची परत येईल, असें त्यास वाटतें. लकाकी परत येते हें खरें. परंतु समुद्राला जें करावयास शंभर वर्षें लागलीं, तें थोडक्या वेळांत पुसून जातें आणि हातीं उरतो तो बाटलीचा गुळगुळीत तुकडा. म्हणून या कलेचा पहिला नियम करण्याचा नसून न करण्याचा आहे: तुकड्याचा आकार बदलावयाचा नाहीं आणि त्याच्या कातडीस धक्का लावावयाचा नाहीं. जें करावयाचें, तें त्याच्या भोंवतीं करावयाचें.

अर्थात् दागिना व्हावयाचा, तर तुकडा कशांत तरी अडकविला पाहिजे. त्याच्या तीन रीती रूढ आहेत. पहिली रीत वेज पाडण्याची. यासाठीं हिऱ्याची पूड बसविलेलें, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचें पातें लागतें. उथळ ताटलींत लांकडाचा तुकडा ठेवून त्यावर कांच ठेवावी आणि ती बुडेल इतकें पाणी घालावें. पाण्यानें पातें थंड राहतें, कांच तापून तडकत नाहीं आणि भुगा हवेंत उडत नाहीं. हा भुगा श्वासावाटे फुप्फुसांत जाणें घातक असतें. पातें सरळ टेंकविल्यास निसटून ओरखडा काढतें, म्हणून आरंभीं तें तिरकें धरून लहानशी खांच करावी आणि मग उभें करावें. जोर मुळींच देऊं नये, मधून मधून पातें उचलून पाण्याला आंत शिरूं द्यावें. अर्धें वेज झाल्यावर तुकडा उलटून दुसऱ्या बाजूनें आरंभ करावा. एकाच बाजूनें आरपार जाण्याची घाई केली, तर अखेरच्या क्षणीं पलीकडील अंगाची कपची उडते, आणि हा दोष झांकतां येत नाहीं.

दुसरी रीत तारेची. चांदीची मऊ तार तुकड्याच्या अंगाला लपेटून वर तिचाच फांसा वळवितात. दिसावयास ही रीत सर्वांत सोपी, म्हणून नवशिके हिच्यापासून आरंभ करतात आणि बहुधा तारेचा अतिरेक करून कांचेला जाळ्यांत सांपडलेल्या माशाची कळा आणतात. तारेचे वेढे थोडे असावेत आणि ते तुकड्याच्या स्वाभाविक खळग्यांतून जावेत. म्हणजे तार घसरत नाहीं आणि डोळ्यांतहि भरत नाहीं. सोड्याची गोटी मात्र वेज पाडून खराब करण्यापेक्षां तारेच्या लहानशा पिंजऱ्यांत मोकळी ठेवणेंच बरें.

तिसरी रीत कोंदणाची. तिला सोनाराचा हात पाहिजे. पातळ चांदीची पट्टी तुकड्याच्या कडेनें बरोबर वळवून घ्यावयाची, ती तळपत्र्यावर डाक देऊन जोडावयाची, घांसून साफ करावयाची, आणि सर्व आगीचें काम उरकल्यावरच कांच आंत बसवून पट्टीचा काठ तिच्यावर हलक्या हातानें दाबावयाचा. कांच आंत असतांना ज्योत लागली, कीं तुकडा गेला. यांत आणखी एक मर्म आहे. कुंदनाच्या कामांत खड्याखालीं चकचकीत वर्ख घालून त्यास तेज देतात, आणि तेथें तें शोभतें. सागरकांचेला हें चालत नाहीं. तिचें सारें सौंदर्य तिच्यांतून झिरपणाऱ्या प्रकाशांत असल्यामुळें तळपत्रा मध्यें कापून मोकळा ठेवावा लागतो. पाठीमागें दार उघडें असेल, तरच पुढें दिवा लागतो. कोंदणासाठीं प्रत्येक पट्टी निराळी वळवावी लागते, कारण कोणतेहि दोन तुकडे सारखे नसतात. साचे करून शंभर नग काढण्याची सोय या धंद्यांत नाहीं.

जेथें मोल आलें तेथें नक्कल येणारच. नव्या बाटल्या फोडून ते तुकडे वाळूबरोबर यंत्राच्या पिंपांत फिरविले किंवा कांच खाणाऱ्या हायड्रोफ्लुओरिक आम्लांत बुडविले, कीं थोड्या अवधींत खऱ्यासारखा माल तयार होतो. तसा माल त्याच्या खऱ्या नांवानें विकला, तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. समुद्राचा म्हणून विकला, तर ती फसवणूक. पारख भिंगाखालीं होते. आम्लानें आणलेला मंदपणा सर्वत्र एकसारखा, रेशमी असतो. खऱ्या तुकड्यावर खांचा ओबडधोबड, कोठें दाट कोठें विरळ, आणि मध्यें मध्यें त्या चंद्रकोरी उमटलेल्या. समुद्र कोणतेंहि काम सारख्या हातानें करीत नाहीं, हीच त्याची सही.

नकलेला जोर येण्याचें खरें कारण असें, कीं अस्सल माल संपत चालला आहे. सीहॅमच्या किनाऱ्यानें एकाच शतकांत दोन उद्योग गमावले. कांचेनंतर सत्तर-एक वर्षांनीं कोळसा गेला. गांवची शेवटची खाण १९९३ सालीं बंद झाली. तोंपर्यंत खाणींतील दगडमाती समुद्रांत लोटल्यामुळें तो किनारा मैलोगणती काळा पडला होता, आणि लाटांबरोबर येणारा कोळसा वेंचून विकणारीं माणसें त्याच वाळूंतून फिरत असत. पुढें किनारा साफ झाला. ज्या वाळूंत पूर्वीं जळणासाठीं कोळसा वेंचीत, तींत आतां अलंकारांसाठीं कांच वेंचतात. परंतु ही दुसरी सुगीहि कायमची नाहीं. १९२१ नंतर त्या भट्टींतून एकहि नवा गोळा समुद्रांत पडलेला नाहीं, आणि जो सांठा आहे तो लाटा रोज झिजवीत आहेत. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फोर्ट ब्रॅग येथें असेंच झालें. तेथें १९०६ पासून १९६७ पर्यंत गांवचा कचरा समुद्राकांठीं टाकीत. तो प्रकार थांबल्यावर उरलेल्या कांचेनें किनारा असा सजला, कीं दूरदूरचे लोक पाहावयास येऊं लागले आणि मुठी भरून नेऊं लागले. पुढें त्या किनाऱ्याचा भाग सरकारी उद्यानांत आला आणि तेथील कांच उचलण्यास मनाई झाली. तरी ती कमी होतच आहे. माणसानें हात आवरला, तरी लाटेनें कानस खालीं ठेविलेली नाहीं.

यावर उपाय कोणता? पुन्हां समुद्रांत कांच टाकावी, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. जो टाकाऊपणा त्या काळीं घडला तो चुकीचाच होता, आणि त्यापासून आज शोभा उत्पन्न झाली म्हणून ती चूक बरोबर ठरत नाहीं. शिवाय आजचा कचरा त्या जातीचा नाहीं. प्लॅस्टिकची बाटली समुद्रांत पडली, तर तिचा चुरा होतो, त्या चुऱ्याचा आणखी चुरा होतो. पण त्यांतून अलंकार निघत नाहीं. तेव्हां सागरकांच ही एका विशिष्ट काळाची ठेव आहे. ती संपणार हें धरूनच तिच्याकडे पाहिलें पाहिजे, आणि जो तुकडा हातीं आला, त्याचें घाईनें किंवा आळसानें मातेरें होऊं न देणें एवढेंच कारागिराच्या स्वाधीन आहे. सोन्याचा दागिना बिघडला, तर मोडून आटवितां येतो आणि वजनाचा पैसा वसूल होतो. सागरकांचेला वजनाचा भाव नाहीं. ती बिघडली, कीं गेली. तिची भरपाई कोणत्याहि सराफाच्या दुकानीं मिळत नाहीं.

म्हणूनच या धंद्यांतील सर्वांत अवघड वस्तु म्हणजे गळ्यांतील पदक नव्हे, तर कानांतील डूल. पदकाला एक तुकडा पुरतो. डुलांना जोड लागते. एकाच रंगाचे, एकाच जाडीचे, सारख्या घडणीचे दोन तुकडे, बहुधा दोन निरनिराळ्या बाटल्यांचे आणि निरनिराळ्या हिंवाळ्यांत किनाऱ्याला लागलेले, एकत्र यावे लागतात. सांठा जसजसा आटतो, तसतसा हा योगहि दुर्मिळ होत जातो. कानशीचे चार हात मारून मोठा तुकडा लहानाच्या मापाचा करणें कांहींच कठीण नाहीं. गिऱ्हाइकाला तें कदाचित् कळणारहि नाहीं. तरीहि जाणता कारागीर तसें करीत नाहीं. तो एकटा तुकडा कापसांत गुंडाळून लांकडी पेटीच्या खणांत ठेवून देतो, आणि पुढच्या मोठ्या ओहोटीला पुन्हां किनाऱ्यावर जातो.